दोन टाक्यांमधला दाणा

“पाठ समद्यांचीच गोरी आसती, सरू. उलटं कर. पोट बघ.”

हौसाआत्याचा हा आवाज अजून कानात आहे. कातड्याचं कुठलंही काम हातात आलं की ती आधी ते उलटं करायची. वरून टाका कसा दिसतो याच्याशी तिला देणंघेणं नसे. खालच्या अंगाला दोरा कुठं सैल पडलाय, कुठं रुसून बसलाय, ते ती अंगठा फिरवून बघायची. तापातून उठलेल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा, तसा तो अंगठा फिरायचा.

नीरेकाठचं आमचं गाव घोड्यांच्या बाजाराचं. दिवाळीच्या पाडव्याला बाजार भरे, आणि आमचं घर पिढीजात खोगीर शिवणारं. आजोबांना दोनच मुलं. मुलगा, म्हणजे आमचे आण्णा, लहानपणापासून बाजारातच रमले. घोड्याचा दात बघावा, शेपटी उचलावी, चार माणसांत बसून गिऱ्हाइकाला हसवत हसवत गळाला लावावं, हे त्यांचं काम. त्यांनी आरी कधी हातात धरली नाही. म्हणून आजोबांनी आरी लेकीच्या हातात दिली.

हौसाआत्या लग्न होऊन गेली आणि वर्षाच्या आत परत आली. परत आली म्हणजे आणून टाकली. सासरची बैलगाडी दारात थांबली, तिचं गाठोडं खाली आलं, ती खाली उतरली, आणि गाडीवानानं बैलांना पाणीसुद्धा न दाखवता गाडी वळवली. ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत आत्या उंबऱ्यावर उभी होती म्हणतात. मग आत आली, आणि आजोबांच्या घोडीवर जाऊन बसली.

घोडी म्हणजे खरीखुरी घोडी नव्हे. खोगीर शिवणाऱ्याचा तो लाकडी चिमटा. त्यावर मांड टाकून बसायचं, दोन जबड्यांत कातडं धरायचं, आरीनं भोक पाडायचं आणि दोन सुयांनी दोन्हीकडून दोरा ओढायचा. आमच्या घरची घोडी बाभळीची होती. आधी आजोबांच्या आणि मग आत्याच्या मांड्यांनी ती आरशासारखी गुळगुळीत झाली होती. माझा धाकटा भाऊ भानू जन्मला आणि आई गेली. तेव्हापासून आम्हा दोघांना आत्यानंच वाढवलं, तेही त्या घोडीवरूनच. एका हातानं दोरा, एका पायानं झोळीची दोरी. ओवी आमच्यासाठी की कातड्यासाठी, ते कधी कळलं नाही.

*कातडं बाई मेलं, टाका गं जिता हाय*
*ओढ माझ्या हाताची, घोड्याला म्हाईत हाय*

ओवीच्या शेवटच्या अक्षराला ती दोरा ओढायची. करकर आवाज यायचा आणि भानू झोपायचा.

त्या एवढ्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. ती घोडी आणि दारातली तिची हातभर जागा. स्वयंपाक तिनं केला तरी चूल आण्णांची होती, आम्हाला तिनं वाढवलं तरी मुलं आण्णांची. पण घोडीवर बसली असली की आण्णासुद्धा तिला वळसा घालून जात.

मी लग्न होऊन पुण्याला आले. भानूचं लग्न झालं त्याच वर्षी भाद्रपदात आण्णा आत्याला घेऊन आमच्या घरी उतरले. मशीन घ्यायची होती. आता हाताच्या शिवणीला कोण थांबतंय, असं त्यांचं म्हणणं. बारामतीकडचे एक बागाईतदार घोड्यांचे शौकीन होते. त्यांना कॅनव्हास आणि कातडं मिळून केलेली हलकी खोगिरं हवी होती. पाडव्याच्या बाजारात नमुना पसंत पडला तर पुढची सगळी कामं आमच्याकडे.

“साधी मशीन न्हाई चालायची,” आण्णा जेवताना सांगत होते. “दोन पदर कातडं आन् मधी कॅनव्हास. शिंप्याच्या मशीनची सुई बघूनच मान टाकंल. म्हणून हौसीला आणलंय. तिच्या बोटांना जे कळतं ते माझ्या डोळ्यांना कळत न्हाई.”

आत्यानं मान वर केली नाही, पण तिच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. भावाच्या तोंडून असलं काही ऐकायची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना रविवार पेठेत घेऊन गेले. अरुंद बोळात मशीनचं दुकान होतं. चष्मा कपाळावर चढवलेले एक वाळके शेठ तेलाच्या वासात बसले होते. आत्यानं पिशवीतून घरून आणलेला तुकडा काढला. वर कातडं, खाली कातडं, मध्ये जाड कॅनव्हास. “हे शिवून दाखवा,” एवढंच म्हणाली.

पहिली मशीन जोडे शिवायची होती. नळीसारखा लांब हात, वर हातानं फिरवायचं चाक. सुई तुकड्यातून मुकाट गेली. आत्यानं तो उलटा केला, अंगठा फिरवला आणि मान हलवली. “हिचा टाका चांगला हाय. पण हिच्यावर जोडा शिवावा. खोगीर हिच्या मांडीवर मावायचं न्हाई.”

दुसरी नवी कोरी, मोटरवर चालणारी. शेठनी बटण दाबलं तशी ती अशी पळाली की आण्णा खूश होऊन मांडीवर थाप मारून हसले. आत्यानं शिवलेला तुकडा त्यांच्यासमोर धरला. सुरुवातीला सारख्या असलेल्या कडा शेवटी दोन बोटं वरखाली झाल्या होत्या.

“हिला दात खालीच हायेत,” ती म्हणाली. “खालचं कातडं वढून नेती, वरचं ऱ्हातंय मागं. आमच्या वरातीवाणी. नवरा गेला पुढं आन् मी ऱ्हायले येशीत.”

शेठ हसले. आण्णा हसले नाहीत.

तिसरी कोपऱ्यात धुळीखाली होती. जुनी, वापरलेली, पायानं चालवायची. शेठनी तिच्यावरचं पोतं काढलं. हिचे दात खालून ओढत आणि वरून कातडं दाबणारा पायही सोबत पाऊल टाकत पुढं सरके. आत्या तिच्यासमोर बसली. पाय न मारता तिनं आधी हातानंच चाक फिरवलं, हळू, डोळे मिटून. सुई तीन पदरांतून खाली गेली आणि टक् असा बारीक आवाज झाला. पुन्हा चाक, पुन्हा टक्. तिचा चेहरा असा झाला, जसा गर्दीत ओळखीचा आवाज ऐकल्यावर होतो.

मग तिनं एक गोष्ट केली. पदराची गाठ सोडली आणि तिच्यातून ज्वारीचा एक दाणा काढला. दोन टाक्यांच्या मध्ये तो दाणा ठेवून बघितला. दाणा बसेना. मशीनच्या उजव्या अंगाला टाका लहानमोठा करायचं एक छोटं चाक होतं. तिनं ते थोडं फिरवलं, चार टाके घातले, दाणा ठेवला. पुन्हा फिरवलं. शेवटी दोन टाक्यांच्या मधल्या जागेत दाणा अलगद बसला, पाळण्यात बाळ निजावं तसा.

शेठ हे सगळं बघत होते. “बाई,” ते म्हणाले, “मशीन घेताय का नवरा बघताय?”

“नवरा मला कुणी बघू दिला न्हवता,” आत्या दाण्यावरची नजर न काढता म्हणाली. “मशीन तरी बघू द्या.”

मी विचारलं, हा दाणा कशाला. ती तो पुन्हा गाठीत बांधत म्हणाली, “बाबांचं माप हाय. सांगीन कवातरी.”

“खुळी हाय ती,” आण्णा म्हणाले. पण मशीन तीच घ्यायची ठरली. निघताना ते शेठना बाजूला घेऊन विचारत होते ते मला ऐकू आलं. पायानं चालवायला जोर फार लागतो का, एखाद्या नाजूक बाईला झेपेल का. मला वाटलं, बहिणीची काळजी. मनातून मी त्यांना त्या दिवशी बरंच काही माफ करून टाकलं.

रात्रभर, माझी सासू म्हणाली, आत्या झोपेत गुणगुणत होती. सकाळी आत्यानं मला आपली बोटं दाखवली. दोरा ओढून ओढून करंगळीखाली खोल चर पडले होते; थंडीत ते उकलायचे आणि ती त्यात मेण भरायची. “आता बोटं जरा माणसात येत्याल,” ती म्हणाली. “सरू, मशीन दारातच ठिवायची बरं का. माझी जागा काय मोडायची न्हाई.”

घटस्थापनेला मी बाळंतपणासाठी माहेरी आले. मशीन आधीच पोचली होती आणि दारातच ठेवली होती. आत्यानं रॉकेलनं पुसून पुसून तिचा काळा रंग उजळला होता. शेजारी घोडीही होतीच. भानूची बायको शेवंता म्हसवडची. आमच्याच जातीची, पण तिच्या वडिलांनी कधीच खोगीर सोडून कापड शिवायला घेतलं होतं. गोल चेहऱ्याची, हळू बोलणारी पोर. मला येऊन पाया पडली आणि माझ्या बाळासाठी शिवलेलं टोपरं हातात ठेवलं. त्यावरचे टाके इतके बारीक होते की दोरा दिसेना.

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजायची एक रीत होती. आरी, कातडं कापायची रापी, कात्र्या, सगळी धुऊन मांडायची आणि पूजा झाल्यावर मुहूर्ताचा एक टाका घालायचा. तो टाका जो घालेल, वर्षभर हत्यार त्याचं. आजोबा गेल्यापासून तो टाका आत्या घालत आली होती.

ती पहाटेच न्हाली होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती. झेंडूची माळ तिनंच ओवून मशीनला घातली. आण्णांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. आत्या पुढं झाली आणि तिनं चाकावर हात ठेवला.

“हौसे, तू हो बाजूला,” आण्णा म्हणाले. “सूनबाई, बसा.”

शेवंता दाराआड होती, तिथंच थबकली.

आण्णांचा आवाज चढला नव्हता. ते अगदी मजेत होते. शेजारची चार माणसं प्रसादाला आली होती आणि त्यांना ऐकू जावं असंच ते बोलत होते. “आरं, घोडं पारखाया म्हाताऱ्याला नेत्यात. पर त्याच्यावर बसतो कोण? तरणाच ना? म्हणून तर शिवणाऱ्याची लेक बघून आणली मी. पोरगी बघाया गेलो तवा मी तोंड न्हाई बघितलं, तिनं शिवलेली चोळी बघितली.”

माणसं हसली. शेवंताची मान खाली गेली. आत्याचा हात अजून चाकावरच होता.

“आन् तुझं काय हौसे, तुझी बोटं आता गेलीच हायेत. नैवेद्याचं बघ जा. पुरण करपंल.”

तिनं हात उचलला. चाकावर तिच्या बोटांचे हळदीचे ठसे राहिले. ती आत गेली. त्या दिवशीच्या पुरणपोळ्या इतक्या मऊ झाल्या होत्या की आण्णांनी दोनदा मागून घेतल्या.

दसरा झाला. शेवंता शिवायला बसली तशी मशीन डुगडुगायला लागली. जमीन शेणाची, उंचसखल. चारी पायांखाली चार ठोकळे पाहिजेत, असं आण्णा म्हणाले. जुनं, मुरलेलं, न फुगणारं लाकूड पाहिजे. ते इकडंतिकडं बघत राहिले आणि त्यांची नजर घोडीवर थांबली.

मी म्हणाले, “आण्णा, अंगणात दुसरं लाकूड आहे की.”

“ते वलं हाय. आन् ही आता कुणाच्या कामाची?”

त्यांनी भानूला हाक मारली. करवत दोन माणसांची होती. एक टोक आण्णांच्या हातात, दुसरं भानूच्या. भानूनं एकदा आत्याकडं बघितलं. ती दाणे पाखडत ओसरीवर बसली होती. तिनं सूप थांबवलं नाही. तिच्याच मांडीवर झोपून तो मोठा झाला होता. त्यानं खाली मान घातली आणि करवत ओढायला लागला. बाभूळ जुनी होती, करवतीला दाद देईना. सूप एका लयीत चालू होतं, करवत दुसऱ्या. घोडीचे चार तुकडे पडले तेव्हा आतून लालभडक गाभा निघाला.

चारी ठोकळे मशीनखाली बसले. मशीन डुगडुगायची थांबली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पाडव्याच्या नमुन्याचं काम सुरू झालं. कॅनव्हास आणि कातडं बेतून तयार होतं. सगळ्यात अवघड काम तंगाचं. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा. खोगीर त्याच्यावर तग धरतं आणि खोगिरावरचा माणूसही. शेवंता मशीनवर बसली होती. आत्या दारात झाडत होती. मी भिंतीला टेकून बसले होते, सातवा महिना सरत आला होता.

“आत्याबाई,” शेवंता म्हणाली, “ह्ये बारकं चाक कुठवर ठिवू? मला कापडाचंच ठावं. मशीन तुम्ही निवडलीया, तुम्हालाच कळंल.”

केरसुणी थांबली. आत्या वाकलेली होती ती सरळ झाली. तिची नजर शेवंतावर गेली, मग मशीनच्या पायांखालच्या लाल ठोकळ्यांवर. तिचा हात पदराच्या गाठीशी गेला. गाठ तिनं दोन बोटांत धरली आणि धरून ठेवली.

“तुझ्या हाताला गोड दिसंल तिथं ठेव, बाई,” ती म्हणाली आणि पुन्हा झाडायला लागली.

शेवंतानं कापडाच्या सवयीनं चाक अगदी आवळून घेतलं. टाके पडले ते मोत्याच्या लडीसारखे, दाट, एकाला एक चिकटून. आण्णांनी तो तंग हातावर घेऊन गावभर मिरवला. “मुंगी चालावी तसा टाका हाय. हौसीनं जन्मात घातला न्हवता आसा.” संध्याकाळी त्यांनी तो आत्याच्या पुढ्यात टाकला. “बघ की गं. शीक कायतरी.”

आत्यानं तंग हातात घेतला. मी वाट बघत होते, आता उलटा करील, पोट बघील. तिनं उलटा केला नाही. वरूनच बघितला.

“लई गोड हाय,” म्हणाली.

पाडव्याला नदीकाठचं मैदान घोड्यांनी भरलं. बारामतीकडचे बागाईतदार आले होते, सोबत त्यांची काठेवाडी घोडी. आमचं खोगीर तिच्यावर चढलं. त्यांचाच माणूस बसणार होता. त्यांनी तंग आवळला, ओढून बघितला, आणि म्हणाले, दिसायला तर झकास आहे, पण यंत्राच्या टाक्यावर आपला भरवसा नाही.

आण्णांना ते लागलं. चार माणसांत लागलं. “भरवसा न्हाई?” ते हसत म्हणाले. “मग माझा लेकच बसतो की. भानू, चढ.”

आत्या माझ्या शेजारी उभी होती. तिच्या हातात घोडीला चंदी भरवायचा तोबरा होता. भानूनं रिकिबीत पाय घातला तेव्हा तिच्या हातून तोबरा पडला आणि हरभरे मातीत सांडले. तिचं तोंड उघडलं. मी तिच्याकडं बघितलं, तिला काहीतरी बोलायचं होतं. भानू तिच्याकडं बघून हसला आणि त्यानं टाच मारली.

घोडी दोन फेरे नीट फिरली. तिसऱ्याला कुणीतरी हलगी वाजवली आणि ती बिचकून मागच्या पायांवर उभी राहिली. फाडकन आवाज आला. दोरा तुटला नव्हता. टाक्यांच्या भोकांच्या ओळीवर कातडंच सरळ फाटलं होतं, तिकीट फाडावं तसं. खोगीर पोटाखाली फिरलं आणि भानू त्याच्यासोबत. मग घोडीचे पाय.

खुब्याच्या हाडाचा चुरा झाला होता. तो जगला, पण पुन्हा सरळ उभा राहिला नाही.

घरी आल्यावर आण्णांनी फाटका तंग शेवंताच्या अंगावर टाकला. मारलं नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. “तुझ्या हाताला यश न्हाई,” एवढंच म्हणाले. “माझं एकुलतं एक पोर तुझ्या टाक्यावर बसलं आन् पडलं.” शेवंतानं तंग उचलून डोळ्यांपाशी धरला आणि ती टाक्यांकडं बघत राहिली. तिला कळत नव्हतं. एवढे दाट टाके, मग कसा फाटला, तिला काही केल्या कळत नव्हतं.

भाऊबीज झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आण्णा तिला टांग्यातून म्हसवडला सोडून आले. तिच्या बापाच्या दारात तिला उतरवलं आणि टांगा वळवला. हे त्यांनीच जेवताना सांगितलं, घोड्याला पाणीसुद्धा दाखवलं नाही म्हणून. भानू खाटेवर पडून ऐकत होता. आत्या वाढत होती, तिच्या हातातल्या पळीतली आमटीची धार ताटाबाहेर पडली. तेवढंच.

तिसऱ्या प्रहरी ती मशीनवर जाऊन बसली. कुणी बस म्हणालं नाही, कुणी ऊठही म्हणालं नाही. तिनं न बघताच उजवीकडं हात नेला आणि ते बारकं चाक सैल सोडलं. मग पाय मारायला सुरुवात केली. ओवी मात्र म्हटली नाही. त्यानंतर मी तिच्या तोंडून ओवी कधीच ऐकली नाही.

पुढं काही वर्षांनी आण्णा वारले. आत्याच्या शिवणीची खोगिरं लांबलांबून लोक नेत. दारात मशीन आणि मशीनच्या मागं खाट, खाटेवर भानू. सकाळी त्याला उचलून बसवायचं, संध्याकाळी निजवायचं, सगळं तीच करी. तिचे डोळे अधू होत गेले. तो चिडका झाला होता, पाणी उशिरा मिळालं तर पेला फेकायचा. ती चाचपडत पेला शोधून आणायची आणि पुन्हा भरायची. एकदा मी म्हणाले, “शेवंताला बोलवा की. तिच्या कुंकवाचा धनी आहे.” भानूनं भिंतीकडं तोंड फिरवलं. आत्या उठून आत गेली.

या पौषात भानू गेला. दहावं झालं त्या दिवशी आत्यानं माझा हात धरला. “नवरा मेला ह्ये सासरच्या माणसानं जाऊन सांगावं लागतं,” ती म्हणाली. “मला म्हसवडला ने.”

शेवंताचं दुकान बापाच्या जुन्या घराच्या ओट्यावर होतं. केस पिकले होते. कपाळावर कुंकू होतं, रुपयाएवढं, ठसठशीत. ती एका परकराची कड शिवत होती; शिवून झालेल्या कडेवरून पुन्हा एकदा शिवत होती, आणि मग तिसऱ्यांदा. आम्हाला बघून तिचा पाय थांबला.

मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, “ठावं हाय, वन्सं. गावात कळलं मला कवाच.”

“मग हे?” माझी नजर कपाळाकडं गेली.

“तुमच्याकडचं कोण येतंय का बघत व्हते. कोण आलं तरच पुसायचं म्हणलं. न्हाई आलं तर मेल्यावर माझ्यासंगं जाईल.” तिनं आत जाऊन पाणी आणलं. आत्याच्या हातात पेला नीट धरवून दिला. मग ओल्या पदरानं स्वतःचं कपाळ पुसलं, आमच्यासमोरच, दुकानातला आरसा न बघता. कुंकवाच्या जागी फिकट गोल राहिला.

ती पुन्हा मशीनवर बसली, पण चालवली नाही.

“कातड्याला मी परत हात लावला न्हाई,” ती म्हणाली. “मामंजी म्हणले तसं आसंल बी. यश न्हाई हाताला. पर आत्याबाई, एक मला आजवर उलगडलं न्हाई. मी समदं काम दोनदोनदा, तीनतीनदा शिवते, रात्री उठून वढून बघते. त्या तंगाला तर मी किती दाट टाकं घातलं व्हतं. कसा फाटला वं त्यो?”

आत्यानं पेला खाली ठेवला. तिचे डोळे कुठंच बघत नव्हते. तिच्या बोटांनी पदर चाचपला, गाठ शोधली. गाठ जुनी होती, सुटेना. मी मदतीला वाकले तशी तिनं माझा हात बाजूला सारला आणि दातांनी ती सोडली. मग पुढं सरकून तिनं शेवंताच्या मशीनचा पत्रा हातानं शोधला आणि त्यावर, सुईच्या अगदी जवळ, ज्वारीचा एक दाणा ठेवला.

“चाक कुठवर ठिवू म्हणून इचारलं व्हतंस तू मला,” ती म्हणाली. “दोन टाक्यांच्या मधी ह्यो एक दाणा निजला पायजे. कापडाला दाट टाका बळ देतो, कातड्याला त्योच कापतो. मला ठावं व्हतं, पोरी. झाडत व्हते तवाच ठावं व्हतं.”